फिलीमचे मोडके खेकडे

मुस्तफा होडेकर एकोणतीस वर्षं ओमानमध्ये मासळीची गाडी चालवतो आहे. माबेलाहून रिकामी चिलर गाडी घेऊन निघायचं, बिदबिद, सिनाव मागे टाकत महूतचा किनारा गाठायचा, होड्या आल्या की पेट्या भरून घ्यायच्या आणि माल कारखान्यात उतरेपर्यंत मागचा डबा थंड राहील एवढं बघायचं. सुरमईच्या दिवसांत सुरमई, शेवंडींच्या दिवसांत शेवंडी, थंडीत खेकडे. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि मधूनच रस्त्यावर येऊन उभे राहणारे उंट. सिनाव सोडलं की दोन-दोन तास रेडिओसुद्धा नीट लागत नाही.

त्याचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, जयगडच्या खाडीवर. घरी बायको शहनाज एकटी असते. मुलगी अंबरीन लग्न होऊन पनवेलला, मुलगा रय्यान बंगळूरला नोकरीला. दर साली चाळीस दिवसांची सुट्टी. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली दोघांनी एका छपराखाली किती काढली हे मुस्तफाने एकदा पेट्रोलपंपावर रांगेत उभं असताना बोटांवर मोजलं. तीन वर्षं आणि एक महिना. पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. मग त्याने तो विषय सोडून दिला.

रोज संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर तो इमो ॲपवरून शहनाजला फोन लावायचा.

"जेवलाव काय?" ती विचारायची.

"जेवायचंय आता. तू?"

"मी पन."

मग गावात कोण आलं, कोण वारलं, वीज होती की नव्हती. मुलं घरात होती तोवर त्यांच्या परीक्षा, त्यांचे ताप, त्यांची भांडणं असं बरंच काही बोलायला असायचं. मुलं गेली आणि फोन चार मिनिटांवर आला. दोघांत रुसवाफुगवा नव्हता. फक्त सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तसं म्हणून दाखवायची दोघांनाही लाज वाटत होती.

माबेलातल्या खोलीत त्याच्याबरोबर जयप्रकाश नावाचा साताऱ्याकडचा इलेक्ट्रिशियन राहायचा. भला माणूस, पण त्याची ड्यूटी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत. तो आठवड्यातून एक दिवस यायचा आणि तोही झोपून काढायचा. मुस्तफा कोपऱ्यावरच्या हॉटेलातून रोटी आणि दाल आणायचा आणि उभ्या उभ्या जेवून घ्यायचा. बसून जेवायला ताट वाढावं लागतं, असं तो म्हणायचा.

गोष्ट गेल्या थंडीतली. महूतजवळ फिलीम नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या उथळ पाण्यात निळ्या पायांचे खेकडे ढिगांनी मिळतात. कारखान्याला खेकडा अखंड लागतो. डेंगा, म्हणजे पुढची नांगी, तुटलेला, कवच फुटलेला किंवा मुठीएवढा लहान खेकडा बाजूला टाकतात, मग त्यावर मांजरं आणि बगळे तुटून पडतात. दर गुरुवारी एक बारकासा माणूस गोणपाट घेऊन यायचा आणि हे मोडके खेकडे वेचून न्यायचा. वय पंचेचाळीस-पन्नास असेल, डोक्यावर कापडी टोपी, पायात रबरी बूट. मुस्तफाला आधी तो फिलिपिनो वाटला होता. मग एकदा तो स्वतःहूनच छातीवर हात ठेवून म्हणाला, "व्हिएतनाम. दुकम. कुक."

दुकमला बंदराजवळ वेल्डिंगचं मोठं काम चाललं होतं. त्यासाठी तीसेक व्हिएतनामी कामगार आले होते आणि हा त्यांचा आचारी. कॅम्पची भाजीची गाडी दर गुरुवारी सिनावच्या बाजारात यायची, परतताना हा तिला वाट वाकडी करायला लावून फिलीमला आणायचा. मुस्तफाने नाव विचारलं.

"लोक," तो म्हणाला.

"लोक?"

"लोक. लोक."

मुस्तफाला हसू आलं. इतकी वर्षं त्याने फिलिपिनो, बंगाली, बलुची, झांझिबारी अशी तऱ्हेतऱ्हेची नावं ऐकली होती, पण एका माणसाचं नाव लोक, हे पहिल्यांदाच. आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो ते सांगायचा त्याने प्रयत्न केला. दोन्ही हात पसरून "मेनी पीपल, मेनी पीपल" असं दाखवलं. त्या माणसाने मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. त्या दिवसापासून मुस्तफा त्याला लोकभाई म्हणू लागला.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी वारा सुटला आणि होड्या बाहेर पडल्याच नाहीत. मुस्तफाने माबेलाला अर्बाबला, म्हणजे गाडीच्या मालकाला, फोन केला. अर्बाब म्हणाला, "बुकरा, उद्या मिळेल माल, इन्शाल्ला. फिलीमला बर्फ कमी आहे म्हणतात, तू दुकमला जाऊन बर्फ भरून आण. यल्ला." मुस्तफा गाडीकडे वळला तर रस्त्याच्या कडेला गोणपाट आणि बर्फाची पेटी पायाशी ठेवून लोकभाई उभा. भाजीची गाडी महूतच्या गॅरेजमध्ये पडली होती, तिचा रेडिएटर गेला होता. बुधवारी समुद्र शांत असताना पकडलेले मोडके खेकडे त्याला मिळाले होते, पण दुकमला पोचायचं कसं, हा प्रश्न होता. "टुमॉरो फ्रायडे, छुट्टी," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "थर्टी मॅन. वेटिंग."

"चल, बस," मुस्तफा मराठीतच म्हणाला आणि दार उघडलं.

दीडशेच्या वर किलोमीटरचा रस्ता. दोघांना समजणारे मिळून पन्नासएक शब्द असतील. लोकभाईला हिंदी कामगारांकडून 'भाई', 'गरम', 'छुट्टी' एवढं आलं होतं आणि कोळ्यांकडून खेकड्याचं अरबी नाव, गुबगुब. तेवढ्यात जेवढं बोलता येतं तेवढं दोघं बोलले. लोकभाई हाय फोंग नावाच्या बंदराच्या शहराचा. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. रस्त्याच्या कडेला बुटक्या स्टुलावर एक म्हातारी, समोर वाफाळणारा टोप, बाजूला कावडीची दोन टोपल्यांची जोडी. "मदर," तो म्हणाला. "सूप. गुबगुब सूप. फॉर्टी इयर, सेम प्लेस." मग त्याने हात हवेत वर नेला. म्हातारी आता नाही, हे मुस्तफाला कळलं.

कॅम्पवर पोचायला तीन वाजले. बर्फाचं गोदाम चारला उघडणार होतं. लोकभाईने त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि एका उलट्या बादलीवर बसवलं. मुस्तफा अवघडून उठला. परक्याचं स्वयंपाकघर, काय शिजतं कोण जाणे. त्याने विचारूनच टाकलं, "लोकभाई, पोर्क?"

लोकभाईने मान हलवली. मांडणीवरचा एक मोठा टोप काढून त्याला आतून दाखवला, घासून आरशासारखा केलेला. "धिस, ओन्ली गुबगुब. ऑलवेज." आणि सुऱ्या ठेवल्या होत्या तिथून त्याने एक निराळी सुरीही काढून दाखवली. मुस्तफा पुन्हा बादलीवर बसला.

पुढचा सव्वा तास त्याने जे पाहिलं त्यासाठीच ही सगळी हकिगत सांगायची.

लोकभाईने एकेक खेकडा धुतला, पाठीचं कवच उचकटून काढलं, कवचातली नारिंगी लाख, म्हणजे खेकड्याची चरबी, चमच्याच्या टोकाने खरवडून एका वाटीत ठेवली. मोठे डेंगे बाजूला. उरलेलं सगळं, बारीक पायांसकट, दगडाच्या खोल उखळात. वर चिमूटभर मीठ. मग उभं राहून तो दोन्ही हातांनी कुटू लागला. कवच फुटण्याचा कडकड आवाज, मग ओला, जड आवाज. मध्येच थांबून खांदा चोळायचा आणि पुन्हा सुरू. लगदा झाल्यावर त्यात पाणी घालून हाताने कालवलं, पातळ फडक्यातून गाळलं, चोथ्यात पुन्हा पाणी, पुन्हा गाळलं. ते करडं, गढूळ पाणी त्याने अगदी मंद आचेवर ठेवलं आणि मुस्तफाला बोट दाखवून बजावलं, ढवळायचं नाही. हळूहळू पाण्यातून खेकड्याचा गर वर आला आणि सायीसारखा एकत्र धरून तरंगू लागला. दुसऱ्या चुलीवर कांदा, टोमॅटो आणि ती लाख तेलात परतली होती. ती वर पडली. चिंचेचा कोळ पडला. तांदळाच्या बारीक शेवया उकळत्या पाण्यातून काढून वाडग्यात घातल्या, त्यावर गर आणि रस्सा, वर चिरलेला पाला.

"बुन रिएऊ," लोकभाई म्हणाला आणि वाडगा त्याच्या हातात दिला.

मुस्तफाने पहिला घोट घेतला, जीभ पोळली. दुसरा फुंकून घेतला. आंबट, किंचित गोड, आणि तळाशी खेकड्याची ती खोल चव, जी मांसात नसते, कवचाच्या आतल्या पाण्यात असते. ही चव त्याच्या ओळखीची होती. मसाला नव्हता, खोबरं नव्हतं, मिरची नावाला, तरीही ओळखीची. गावाला कुर्ल्यांच्या कालवणात हीच असते. सुट्टीवर गेला की दुसऱ्या दिवशी शहनाज ते करायचीच. सकाळी तो अंथरुणात असताना मागच्या पडवीतून पाट्यावर वरवंटा ओढल्याचा आवाज यायचा, बराच वेळ यायचा आणि त्याच आवाजात त्याला पुन्हा डोळा लागायचा. दुपारी ताटात कालवण यायचं. ती पडवीत काय करत होती, हे त्याने एकदाही उठून पाहिलं नव्हतं.

बारीक पाय वाटून, गाळून, तो रस कालवणात घालतात. एवढी साधी गोष्ट. चोपन्नाव्या वर्षी, दुकमच्या कॅम्पात, व्हिएतनामच्या माणसाकडून त्याला ती कळली होती.

"गुड?" लोकभाईने विचारलं.

"गुड," मुस्तफा म्हणाला. त्याला आणखी खूप काही सांगायचं होतं. पन्नास शब्दांत ते बसलं नसतं. त्याने वाडगा पुढे केला आणि लोकभाईने तो पुन्हा भरला.

बर्फ भरून झाला, मगरीब झाली. गाडी कॅम्पच्या कुंपणाशी लावून त्याने शहनाजला फोन लावला.

"जेवलाव काय?"

"जेवलो," तो म्हणाला. "शहनाज, कुर्ल्यांच्या कालवनात तू बारीक पाय वाटून घालतेस ना? गाळून?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमाला कोनी सांगितलान?"

"हितं एकानं करून दाखवलान. तासभर कुटत होता. तू पन तेवढा वेळ वाटतेस?"

"वाटायची," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"आता नाय होत. हात चालत नाय."

मग ते बाहेर आलं. मागच्या वर्षी, पावसाच्या शेवटी, विहिरीजवळच्या शेवाळावर ती घसरली आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हा फोनवर तिने सांगितलं होतं, जरासा मुरगळलाय. अंबरीनला तिने गळ घातली होती, अब्बाला सांगू नकोस, तो मानूस गाडी चालवतो, त्याचं चित्त रस्त्यावर राहू दे.

"पन मी ह्या साली आलो होतो," मुस्तफा म्हणाला. "कालवन केलं होतंस की."

"अदीबानं केलान होता."

अदीबा म्हणजे शेजारच्या घरातली सून. मुस्तफाला आठवलं. दुसऱ्या दिवशीची दुपार, ताट, कालवण. दोनदा भात मागून घेतला होता त्याने.

"आवाज आला होता मला. पाट्याचा."

"ती आमच्याच पडवीत बसून वाटत होती. मिक्सरात लावून बघितला मी आधी, कडू झाला. म्हनून तिला बोलावली." शहनाज म्हणाली. "तुमी जेवताना बोललाव, तुझ्या हाताची चव काय बदलली नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"व्हिडिओ लाव," तो म्हणाला.

"कशाला?"

"लाव तरी."

पडद्यावर आधी घराचं छप्पर दिसलं, मग तिचा अर्धा चेहरा, मग तिने बाही वर सारून हात धरला. मनगटाच्या बाहेरच्या बाजूला सुपारीएवढा उंचवटा आला होता आणि पंजा थोडा आत वळला होता. चाळीस दिवस तो त्या घरात राहिला होता. लांब बाह्या, हातभर बांगड्या. ती डाव्या हाताने वाढायची, हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पाहुणा जसा ताटाकडे बघतो तसा तो ताटाकडे बघत राहिला होता.

"दुखतो?"

"थंडीत दुखतो."

त्या दिवशी फोन चार मिनिटांत संपला नाही. ती तिकडे भांडी आवरत होती, त्याचा आवाज येत होता. तो इकडे गाडीत बसून तो आवाज ऐकत होता.

जानेवारी, फेब्रुवारी, दर गुरुवारी तो फिलीमला थोडा लवकर पोचायचा. लोकभाई आणि तो मिळून मोडके खेकडे वेचायचे. भाजीची गाडी दुरुस्त झाली होती, त्यामुळे दुकमला जायचं कारण उरलं नव्हतं, पण लोकभाई थर्मासमध्ये सूप घेऊन यायचा आणि दोघं गाडीच्या सावलीत बसून प्यायचे. मुस्तफाने त्याला गावाकडची कोकमाची सोलं दिली. पुढच्या खेपेला चिंचेऐवजी सोलं घातलेलं सूप आलं, रंगाने काळपट लाल. लोकभाईने अंगठा वर केला, मग खरं काय ते सांगितलं, "मदर... नो लाइक." दोघंही हसले. मुस्तफाने उखळ विकत घेतलं. लोकभाईने त्याला हातवाऱ्यांनी शिकवलं की मनगटाने कुटायचं नाही, खांद्याने कुटायचं. मनगट जातं.

इकडे अंबरीन आईला रत्नागिरीला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. शहनाज म्हणाली, नको, आता सवय झाली. मुस्तफाने फोनवर समजावलं, रागावला, पुन्हा समजावलं. "तुमी हितं असताव तर केला असता," ती एकदा म्हणाली आणि लगेच वीज गेल्याचं सांगून तिने फोन ठेवला. पडद्यावर तिच्या मागचा दिवा त्याला लागलेला दिसला होता.

मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी लोकभाई आला नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. त्याचा नंबर बंद लागत होता. त्यानंतरच्या आठवड्यात मुस्तफा अर्बाबला काहीबाही कारण सांगून दुकमला गेला. कॅम्पच्या फाटकावर ओमानी पहारेकरी होता. म्हणाला, "वेल्डिंग खलास. सगळे गेले, दोन रविवार होऊन गेले." स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत नव्या कंपनीची माणसं गॅसच्या शेगड्या बसवत होती. मुस्तफाने लोकभाईचा हाय फोंगमधला पत्ता कधी विचारलाच नव्हता. तिकडचा नंबरही नव्हता. पूर्ण नावही माहीत नव्हतं. तो थोडा वेळ फाटकाशी उभा राहिला. पहारेकऱ्याने विचारलं, "तुझं काही राहिलंय का आत?"

"नाही," मुस्तफा म्हणाला आणि गाडीत बसला.

एप्रिलच्या एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपल्यावर, त्याने माबेलाच्या खोलीत पहिल्यांदा स्वतः सूप केलं. खेकड्यांचा हंगाम सरत आला होता, बाजारात शेवटचे लहान लहान खेकडे मिळाले. जयप्रकाश पलंगावर आडवा होता. त्याला खेकड्याने अंगावर पित्त उठायचं. "मुस्तफाभाई, आवाजाने खालचे वर येतील हां," एवढं म्हणून त्याने उशी कानावर घेतली. मुस्तफाने खांद्याने कुटलं. गाळलं. आच मंद ठेवली आणि ढवळलं नाही. शेवया मात्र गावाहून आणलेल्या घातल्या. मग जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, वाडगा ठेवला, समोर चटणीच्या बरणीला टेकवून फोन उभा केला आणि शहनाजला व्हिडिओ लावला.

"हे काय, बसून जेवताव आज?" ती म्हणाली.

"बघ, गर कसा वर आलाय."

तिने पडद्याजवळ तोंड आणलं. "दिसतोय खरा. मीठ बघितलाव?"

"बघितलं."

"कसा झालाय?"

त्याने एक घोट घेतला. चांगलं झालं होतं. लोकभाईसारखं नव्हतं, पण चांगलं होतं. "तुझ्यासारखं झालंय" हे शब्द जिभेवर आले होते. त्याने ते गिळले.

"शहनाज, खरं सांगू? तुझ्या हातचं कसं असायचं, ते मला आठवत नाय. अदीबाचं कुठलं नि तुझं कुठलं, काय कळत नाय."

तिने मान खाली घातली. तिचा वाकडा हात मांडीवर होता, डाव्या हाताने ती तो दाबत होती. आता ती काहीतरी सांगून फोन ठेवणार, असं त्याला वाटलं.

"मला पन नाय आठवत," ती म्हणाली. "एकटीसाठी कोन कुर्ल्या करनार."

मग ती म्हणाली, "निवतंय, खावा."

तो खाऊ लागला. ती बघत राहिली. वाडगा रिकामा झाला, तरी दोघांनी फोन चालूच ठेवला.